कुत्र्याच्या वाट्याची गोळी

आमच्या घरात गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. पूर्वी त्यात बिस्किटं होती, आणि झाकणावरचं गुबगुबीत बाळ अजूनही हसत असतं, आत काय काय भरलंय याची त्याला कल्पना नसल्यासारखं. आत सगळ्या गल्लीच्या उरलेल्या गोळ्या असतात. कुणाचा ताप लवकर उतरला, की राहिलेली पट्टी आत्याकडे जमा होते. कुणी वारलं, तर दिवस झाल्यावर घरची माणसं पिशवीत घालून त्यांच्या गोळ्या आणून देतात. औषध फेकवत नाही कुणाला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहते, आणि खरं सांगायचं तर आम्ही तिच्याकडे राहतो. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण गोळ्या वाचायची तिला गरज पडत नाही. ती त्या माणसांवरून ओळखते. "ही कोपऱ्यावरच्या मास्तरची, छातीची. ही त्याच्या बायकोची, झोपेची. मास्तर घोरायचा ना." गोळी अर्धी करायची असली, की ती सुपारीचा अडकित्ता घेते. मात्रेचा हिशोबही तिचाच. बायका लेकरं घेऊन येतात, आत्या लेकराला काखेत धरून उचलते, जरा तोलते आणि सांगते, "अर्धी." लेकरू दांडगं निघालं तर, "अख्खी." तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. म्हणजे वजनाचा.

मी घरातली वाचणारी. हिंगोलीत राहून इंग्लिश मीडियमला शिकले, त्यामुळे खतांच्या पोत्यांपासून मिक्सरच्या माहितीपत्रकापर्यंत सगळं माझ्यापुढे येतं. आता घरूनच एका कंपनीचं काम करते. ज्यांची घरातली यंत्रं बिघडली आहेत अशा दूरदेशीच्या लोकांशी मी दिवसभर चॅटवर बोलते. लिहून. मी फार समजूतदार आणि आनंदी आहे असं त्या लोकांना वाटतं. प्रत्यक्षात दारावरची बेल वाजली तर मी आईकडे बघते. फोन वाजला तर तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघते.

कुत्र्याला नाव नाही. ते आत्याचं धोरण आहे. नाव ठेवलं की ते आपलं होतं आणि आपलं झालं की त्याचं सगळं करावं लागतं, असं ती म्हणते. कुत्रा आमच्या शेजारच्या हळदीच्या गोदामात झोपतो आणि जेवायला आमच्या ओट्यावर येतो. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. हळदीच्या दिवसांत पोत्यांवर लोळून लोळून पोटाकडून पिवळाधमक होतो, तेव्हा गोदामातले हमाल त्याला विचारतात, "काय नवरदेव, लग्न कवा?" आत्याला कुत्रा आवडत नाही. तव्यावरची पहिली भाकरी ती त्याला घालते ती फक्त पहिली भाकरी जाड होते म्हणून.

त्या दिवशी दुपारी तो भाकरीला आला नाही. ओट्याच्या खाली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पडून होता, पुढचा एक पाय अधांतरी धरून. त्याच्या शेजारी पिवळट उलटी होती. आत्याने त्याच्या नाकाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मरू दे मेलं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या प्यायच्या तांब्यातून त्याला पाणी घातलं.

कुत्रा पाणी प्यायला नाही. आत्या तिथेच खाली बसली. तिच्या गुडघ्यांमुळे ती खाली बसत नाही, देवाला नमस्कारही उभ्यानेच करते. ती बसली म्हटल्यावर गल्लीला कळलं काहीतरी झालंय, आणि माणसं जमू लागली.

समोरचे चाचा आधी आले. ते गाद्या भरतात, त्यामुळे त्यांच्या दाढीत कापूस असतो. वाकून त्यांनी कुत्र्याच्या डोळ्यांत पाहिलं. "बुखार है अक्का. बुखार की गोली दे दो. मैं अपने बकरे को देता था."

"तुमचा बोकड गेला की त्याच साली."

"वो गोली से नहीं गया. वो गादी खाके गया."

"म्हंजी गोळीचा गुण आला न्हाई."

मग दोन हमाल आले. बाबा आत जेवत होते, तेही हात धुऊन बाहेर आले. दूधवाला पुढे जायचा तो थांबला. प्रत्येकाकडे एक उपाय होता. कुणी म्हणालं, हळद लावा. त्यावर सगळ्यांनी कुत्र्याच्या पोटाकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच थांबला.

"दुखून राहिलं त्याला," आत्या म्हणाली. "पाय पाहा ना. दुखण्यानंच ताप आला. माझी गुडघ्याची गोळी देते. एका तासात पळंल."

"पण किती द्यायची?" बाबांनी विचारलं.

आत्याने कुत्र्याला काखेत धरून उचलायचा प्रयत्न केला. कुत्रा गुरगुरला, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा पेशंट तोलता आला नाही.

"काटा मोकळाच हाय की, आत्याबाई," मोठा हमाल म्हणाला.

आणि त्यांनी खरंच त्याला नेलं. मी ओट्याच्या खांबामागून सगळं पाहिलं. रिकाम्या पोत्यात झोळीसारखा घालून दोघांनी उचलला आणि गोदामाच्या काट्यावर ठेवला. कुत्रा अजिबात हलला नाही, कारण एरवीही तो त्याच काट्यावर झोपतो. लाल आकडे नाचले आणि थांबले.

"बारदान वजा करा," बाबा म्हणाले. गोणीचं वजन कापल्याशिवाय त्यांना कुठलंही वजन पटत नाही.

"केलं. एकोणीस."

"ओल किती धरायची?" दुसऱ्या हमालाने विचारलं. हळदीत ओलीचं वजन कापतात. सगळे हसले. आत्या हसली नाही.

"एकोणीस म्हंजी पहिलीतलं लेकरू," ती म्हणाली. "अर्धी."

मी मात्र तोपर्यंत फोनवर वाचत होते. सवयीने. आत्याच्या गोळीच्या पट्टीवरचं नाव मला पाठ आहे, कारण दर महिन्याला तीच पट्टी मी दुकानदाराला दाखवते, न बोलता. ते नाव आणि पुढे 'कुत्रा' असं शोधलं. चार ठिकाणी वाचलं, आणि चारही ठिकाणी तेच होतं. माणसाच्या सांधेदुखीच्या असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, रक्तस्राव होतो, किडन्या जातात. थोड्या मात्रेतही होऊ शकतं. म्हणून तापाची गोळी शोधली, तर तीही डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका, यकृतावर जाते. मांजराला तर मुळीच नको.

आता हे सांगायला हवं होतं. ओट्यावर आठ-दहा माणसं. मी मनात वाक्य तयार केलं. ते इंग्रजीत तयार झालं, कारण मी ते इंग्रजीत वाचलं होतं. त्याचं मराठी केलं, तर ते बातम्यांसारखं झालं. आत्याला सगळ्यांसमोर "तू चुकतेस" कसं म्हणायचं, याचा शब्द तर मला कुठल्याच भाषेत सापडला नाही.

म्हणून मी बाबांना मेसेज केला. बाबा माझ्यापासून तीन हातांवर उभे होते. त्यांचा फोन आत चार्जिंगला होता, तिथे तो टुंग वाजला. मग मी घरच्या ग्रुपवर लिहिलं: "गोळी देऊ नका! कुत्रा मरेल!" आत आईचा फोन वाजला, आत्याच्या कमरेच्या पिशवीतला वाजला. आत्या म्हणाली, "कोण मेलं आता मधीच." पुण्याच्या मावसभावाने ताबडतोब अंगठा पाठवला.

इकडे आत्याने गुलाबी गोळी अडकित्त्यात धरून कट्टकन अर्धी केली होती. कुणाच्या तरी मुलाच्या नोकरीचे पेढे घरात होते. त्यातल्या एकात गोळी दाबली, वरून बोटाने सारखं केलं आणि कुत्र्याच्या तोंडाशी धरला. कुत्र्याला परत आणून ओट्याखाली ठेवलं होतं. त्याने डोळे उघडले. जीभ बाहेर काढली. एकदा चाटला.

मी कशी गेले ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की पेढा माझ्या हातात होता आणि माझं मनगट आत्याच्या हातात.

"काय गं?"

सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती. दूधवाल्याने गाडी बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. आत्या दुसऱ्या हाताने पेढा सोडवू लागली. माझं तोंड उघडंच होतं. मी पेढा त्यात टाकला.

चावला आणि गिळला. आजही मला वाटतं की त्या क्षणी बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

"बेटी," चाचा हळूच म्हणाले, "घर में और पेढे थे."

"कुत्र्याचा खाल्ला!" आत्याला धक्का बसला होता. "चाटलेला! अगं भूक लागली तर सांगायचं, माय! जेवायला देत न्हाई का आमी तुला?"

"ते विष आहे," मी म्हणाले. आवाज कुठून तरी आला. "त्याच्यासाठी. आपल्यासाठी नाही. कुत्र्याची किडनी जाते त्या गोळीनं."

"माझी न्हाई गेली ती?"

"तू कुत्रा नाहीस, आत्या."

हे बोलायचं नव्हतं मला. पण खरं होतं, आणि हमालांनी माना डोलावल्या.

बाबांना एकदम माझी काळजी वाटू लागली. चाचांकडे जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर होता, फोनमध्ये 'बकरा डॉक्टर' नावाने. बाबांनी फोन लावला, अर्धं काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावून मोकळे झाले. "हिनंच खाल्ली, हीच सांगंल."

"बोला," पलीकडून आवाज आला. "कुत्र्यानं गोळी खाल्ली?"

"नाही."

"मग?"

"मी खाल्ली."

"कुणाची?"

"कुत्र्याची. म्हणजे आत्याची. कुत्र्याला द्यायची होती."

तिकडे मागे एक म्हैस ओरडली. मग त्यांनी विचारलं, मला कसली ॲलर्जी आहे का, पोटाचा काही त्रास आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले की माणसाची गोळी माणसानं खाल्ली आहे, तेव्हा जेवून घ्या, पोट दुखलं तर माणसांच्या डॉक्टरकडे जा आणि दुसऱ्याची गोळी पुन्हा खाऊ नका. "आता पेशंटचं सांगा." मी सांगितलं. माझ्याच आवाजात, मराठीत, मधे न थांबता. "कुत्र्याला तोंडानं काहीच देऊ नका," ते म्हणाले. "सिद्धेश्वर धरणाकडे जनावरांच्या लसीकरणाला आलोय, निघतोच आहे. दवाखान्यात घेऊन या."

चाचांच्या मालाच्या रिक्षात लग्नाच्या ऑर्डरची नवी कोरी गादी होती. ती उतरवायला कुणी थांबलं नाही. कुत्रा तिच्यावर झोपून गेला. आत्या त्याच्या शेजारी बसली, पाय लांब करून, पदराने वारा घालत. हमाल मागून ओरडला, "नवरदेव निघाले!" आणि मग बहुतेक आत्याचं तोंड पाहून गप्प झाला.

जनावरांच्या दवाखान्यात बैल उभा करायचा लोखंडी खोडा असतो. बाजूच्या टेबलावर कुत्र्याला ठेवलं. डॉक्टर तरुण होते, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "पेढा तुम्हीच का?" मी मान हलवली.

"वजन अंदाजे?"

"एकोणीस किलो," बाबा म्हणाले. "बारदान वजा करून."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "इतकं अचूक मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"लेकराच्या हिशोबानंच अर्धी देत होते," आत्या म्हणाली, जरा ताठ होऊन.

"वजन बरोबर आहे, आत्याबाई. जनावर चुकलं. लेकराचं पोट वेगळं, त्याचं वेगळं. आम्हीसुद्धा कधीकधी माणसांच्या दुकानातली गोळी लिहून देतो. पण कोणती आणि किती, ते तपासून." त्यांनी पाय उचलला. पंजाच्या गादीत बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता, भोवती पू. "मालक कोण?"

बाबांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी दाराकडे.

"मी," आत्या म्हणाली.

"सकाळपासून याला दुसरं काही दिलंय? कुठलं औषध?"

"न्हाई," आत्या म्हणाली.

डॉक्टर सुई भरू लागले. आणि मला सकाळ आठवली. सकाळी मी चहाचे कप घेऊन नळावर गेले होते, तेव्हा आत्या अडकित्ता धूत होती. आत्या अडकित्ता कधी धूत नाही. सुपारीची चव जाते म्हणते. तेव्हा मला नवल वाटलं होतं आणि मी नेहमीसारखं ते माझ्यापाशीच ठेवलं होतं. आता दुपारची उलटीही आठवली.

पेढा एकदा खाऊन झाला होता. या वेळी गिळायला काही नव्हतं.

"आत्या," मी म्हणाले, "सकाळी अडकित्ता काहून धुतला होता तू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता मला कधीच भाकरी वाढणार नाही. मग ती कुत्र्याकडे पाहू लागली. त्याने डोळे मिटले होते, पण तिच्या बांगड्या वाजल्या तसा चांगला कान जरासा उभा राहिला.

"अर्धी दिली होती," ती म्हणाली. "दुधात. लंगडून राहिला होता, पाहवलं न्हाई. मंग त्यानं उलटी केली, तर मला वाटलं गोळी पडून गेली. म्हणून परत..." ती थांबली. "मेलं का मग ते आता?"

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली आणि दुसरी बाटली घेतली. रागावले नाहीत, घाई मात्र वाढली. "बरं झालं सांगितलंत. मी आता दुखण्याचंच इंजेक्शन देणार होतो. त्यावर ते नको." काटा काढला, जखम धुतली, सलाईन लावलं, पोटाला जपणारं औषध दिलं. म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही. शी काळी झाली, परत उलटी झाली, लघवी कमी झाली, तर तसंच उचलून आणा. "दुसरी अर्धी आत गेली असती, तर गाडं अवघड होतं."

घरी येईपर्यंत आत्या माझ्याशी बोलली नाही, आणि त्यानंतरही नाही. कुत्र्याला मात्र तिने ओट्यावर घेतलं, लग्नाच्या गादीसकट. चाचांनी नवी गादी भरायला घेतली. सकाळ-संध्याकाळ आत्या काठी टेकत कुत्र्याच्या मागे मागे फिरायची आणि तो जिथे बसेल तिथे वाकून पाहायची. बाभळीच्या झुडपाआडून तिचा आवाज यायचा, "पिवळीच हाय! काळी न्हाई!" आणि गोदामातले हमाल हातातलं पोतं खाली ठेवून समाधानाने मान हलवायचे. मी ते डॉक्टरांना फोनवर कळवायचे. फोन मीच करायचे. एकदा सांगायला सुरुवात केली की फारसं अवघड नसतं, फक्त काय सांगायचंय ते घाण असलं तर मधे थांबून चालत नाही.

मग एका सकाळी तव्यावरची पहिली भाकरी झाली आणि ओट्यावरून शेपटी आपटल्याचा आवाज आला.

आत्याने भाकरी त्याला घातली. दुसरी माझ्या ताटात टाकली. "पातळ झाली," म्हणाली. बोलणं सुरू झालं होतं.

डबा अजून आहे. आत्याने तो फेकला नाही, आणि मीही सांगितलं नाही. पण आता लेकरू तोलून झालं की ती लेकराच्या आईला म्हणते, "आधी डॉक्टरला विचार. हिच्याकडून फोन लाव." डॉक्टरांनी तिलाही बजावलं होतं की गुडघ्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं आपल्या मनाने खाऊ नका. जनावरांचा डॉक्टर मला काय शिकवतो, असं ती चार लोकांत म्हणाली, आणि मग गुपचूप माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. माझं नाव मात्र गल्लीत पडायचं ते पडलं. दूधवाला अजून विचारतो, "ताई, नाष्टा झाला का कुत्र्याचा?"

राहता राहिली कुत्र्याची स्वतःची औषधं. डॉक्टरांनी लिहून दिलेली, त्याच्याच वजनाची, त्याच्याच जनावराची. भाकरीत घातली तर तो भाकरी खायचा आणि गोळी बाजूला ठेवायचा, नीट, जमिनीवर. पेढ्यात घातली तर पेढ्याकडे पाहायचा आणि मग माझ्याकडे. एकदा पेढा धरला होता आणि ऐन वेळी कुणीतरी पळवला होता, हे तो विसरला नव्हता. किंवा तो पेढा खाऊन मी जिवंत राहते का, हे त्याला अजून बघायचं असेल.

"तू खा आधी," आत्या म्हणाली. "तवाच खाईल."

म्हणून त्याचं औषध संपेपर्यंत रोज तसंच चाललं. आत्या ओट्याच्या कडेला बसायची आणि पेढा मोडायची. एक अर्धा मी खायचे, कुत्र्याच्या डोळ्यांत बघत, शेवटपर्यंत चावून. मग तो आपला अर्धा घ्यायचा. गोळी कुठल्या अर्ध्यात आहे, हे आत्या आधी उजेडात धरून दोनदा पाहायची.